नाचता येईना, जिगसॉ वाकडा

आमच्या टीममधल्या एकाच्या डाव्या अंगठ्याला नऊ टाके पडलेत. गेले तीन आठवडे तो एका हाताने टायपिंग करतोय. रोज सकाळच्या कॉलला त्याने कॅमेरा चालू केला की ते पांढरं बँडेज मला दिसतं आणि मी गपचूप दुसऱ्या विंडोत जातो. कारण त्या टाक्यांमागे मी आहे. कटर त्याच्याच हातात होता, कबूल. पण "जिगसॉ वगैरे घेऊ नकोस रे, त्याने सरळ कापता येत नाही, मार्बल कटर घे" हे ज्ञान त्याला मी दिलं होतं. कँटीनमध्ये, चहा पिता पिता, फुकट.

तेव्हा मंडळी, आजचा शनिवार "जिगसॉने सरळ कापता येत नाही" या वाक्याच्या नावाने. हे वाक्य खोटं आहे. आणि नुसतं खोटं असतं तर मी झोप काढली असती, पण ते धोकादायक आहे.

ज्यांना जिगसॉ म्हटलं की तुकडे जुळवायचं कोडं आठवतं त्यांच्यासाठी दोन ओळी. हातात मावेल एवढं मशीन, खाली इस्त्रीसारखा सपाट बेस, आणि त्या बेसमधून खाली आलेलं बोटापेक्षा जरासं लांब पातं. बटण दाबलं की ते पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं वर-खाली होतं, मिनिटाला हजारो वेळा. बस्स, एवढंच. अरुंद पातं असल्यामुळे वळणावळणाचं कापता येतं, आणि तिथूनच लोकांनी निष्कर्ष काढला की हे फक्त वळणावळणाचंच कापतं. बोहरी आळीतला दुकानदार हेच सांगतो, ऑफिसच्या ग्रुपवरचा हौशी सुतार हेच सांगतो, आणि परवापर्यंत मीही हेच सांगत होतो. "गोलाईसाठी जिगसॉ, सरळला कटर." ऐकायला किती छान वाटतं ना? एकदम अनुभवी माणसाचं वाक्य!

आता तो कटर काय प्रकार आहे ते बघा. मार्बल कटर हे फरशी, ग्रॅनाइट कापायचं हत्यार. आपल्याकडचे मिस्त्री लोक त्याला लाकडाची दातेरी चकती लावून प्लाय कापतात. चकती चार-पाच इंचांची, वेग मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून एक गार्ड असतो, कापून झालं की तो स्प्रिंगने परत चकतीवर येतो. बहुतेक मार्बल कटरला तो नसतोच. म्हणजे तुम्ही बटण सोडलं तरी ती चकती उघडीच फिरत राहते, तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर.

आणि हे आपण कुठे वापरणार? टू बीएचकेच्या बाल्कनीत. दोन प्लास्टिकची स्टुलं, त्यावर प्लायचा तुकडा, एक टोक गुडघ्याने दाबलेलं, वर वायर चप्पलमध्ये अडकलेली. कापत कापत शेवटाशी आलं की तुकडा स्वतःच्या वजनाने खाली वाकतो, कापलेली फट मिटते, चकती त्यात चिमटली जाते आणि पुढच्या क्षणी अख्खं मशीन उडी मारून तुमच्याकडे येतं. माझ्या मित्राचं अक्षरशः हेच झालं. शू रॅकची दुसरी फळी. डावा हात तुकडा धरायला पुढे होता.

हाच तुकडा तस्साच वाकला असता आणि हातात जिगसॉ असता तर? पातं अडकलं असतं, मशीन थरथरलं असतं, फार फार तर पातं तुटलं असतं. जिगसॉ निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. फळीच्या खाली हात घातलात तर तो बोट कापेलच. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, प्लायचा भुसा म्हणजे नुसतं लाकूड नसतं, त्यात डिंकाची रसायनं असतात. पण तो तुमच्या अंगावर झेप घेत नाही. नवशिक्याच्या हातात पहिलं वीजेवरचं हत्यार कुठलं द्यावं, तर हे. आणि नेमकं त्याच हत्याराबद्दल आपण "त्याने सरळ जात नाही" अशी आवई उठवून ठेवलीय.

आता कबुलीजबाब. ही आवई मी का उठवली?

दोन वर्षांपूर्वी मला पुस्तकांचं कपाट हवं होतं. सोसायटीत काम करणाऱ्या एका मिस्त्रींना विचारलं. प्लाय माझा, मजुरी सहा हजार. मी हसलो. "पाच फळ्या आणि दोन उभ्या बाजू कापायचे सहा हजार?" ते शांतपणे म्हणाले, "साहब, दो दिन का काम है." मी म्हटलं, राहू दे. तेवढ्यात माझं स्वतःचं मशीन येतं!

आलं मशीन. शनिवारी सकाळी पेन्सिलने रेघ मारली आणि सुटलो. वरून बघितलं तर रेघेवर एकदम चोख. फळी उलटी केली तर खालच्या बाजूला कट दोन मिलीमीटर आत गेलेला. कडा तर उंदराने कुरतडल्यासारखी. चारही फळ्या अशाच. पाचवी कापलीच नाही. कपाट उभं केलं तर ते तंबोऱ्यासारखं एका बाजूला कललं. मशीन गेलं माळ्यावर, आणि माझ्या तोंडी वाक्य आलं. आपल्याला जमलं नाही असं कोण सांगणार? "त्या मशीनने होतच नाही" हे सांगायला किती सोपं.

टाके पडल्यावर, अपराधीपणातून म्हणा, मी मशीन माळ्यावरून काढलं. ठरवलं, प्रॉडक्शनमध्ये बग आला की जे करतो तेच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी तीच चाचणी. चाचणी सोपी आहे. प्लायची पट्टी कापायची, एक तुकडा पालथा करायचा आणि दोन्ही कापलेल्या कडा सपाट जागेवर एकमेकींना भिडवायच्या. कट काटकोनात असेल तर कडा घट्ट मिटतात. नसेल तर मध्ये व्ही आकाराची फट दिसते, आणि पालथं केल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, लपायला जागाच नाही.

पहिला बग मशीनचाच निघाला, पण दुरुस्त माझ्या हाताने होणारा. जिगसॉचा बेस ४५ अंशांपर्यंत तिरका करता येतो. त्यावर शून्याची खूण असते. मी त्या खुणेवर इतका विश्वास ठेवला होता की दोन वर्षांत एकदाही गुण्या लावून बघितला नव्हता. लावला तर पात्याच्या टोकाशी उजेड दिसला. जवळजवळ दोन अंश! आता दोन अंश म्हणजे काय, तर १८ मिलीमीटरच्या प्लायला सहा दशांश मिलीमीटर, आणि ४० मिलीमीटरच्या लाकडाला जवळजवळ दीड. वायर काढायची (हे आधी!), बेसचा स्क्रू सैल करायचा, गुण्या पात्याला टेकवायचा, दात टाळून पात्याच्या सपाट अंगाला, आणि आवळायचा. दोन मिनिटांचं काम.

दुसरा बग पातं. खोक्यात जे फुकट पातं आलं होतं त्यानेच मी सगळं कापत होतो. जाड दातांचं, भराभर कापणारं, चौकटीची लाकडं तोडायला ठीक. पात्यावर नंबर असतो आणि तो वाचता येतो हे मला तिशी जवळ आल्यावर कळलं. बॉशच्या पद्धतीत टी म्हणजे वरचा इंग्रजी टी आकाराचा खुंट, शेवटची अक्षरं दातांची आणि कामाची. ए बारीक, बी मध्यम, डी जाड. ओ म्हणजे वळणासाठी अरुंद, पी म्हणजे अचूक, आर म्हणजे उलटे दात. प्लायला स्वच्छ कट हवा तर टी१०१बी, दातांतलं अंतर अडीच मिलीमीटर. टी१४४डी ला तेच चार मिलीमीटर, म्हणून तो भसाभस कापतो आणि कडा फाडतो. जाड लाकडात काटकोन सांभाळायचा असेल तर टी१४४डीपी, त्याचं पातंच जाड आहे, सहज वाकत नाही, कडा मात्र जरा खरबरीत येते. पाच पात्यांचं पाकीट एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतं. मी हजारोंचं मशीन घेतलं आणि पात्यासाठी हात आखडला. आपल्याकडे लोक लॅपटॉप लाखाचा घेतात आणि बॅकपॅक जत्रेतली, तसंच.

तिसरा बग बाजूचं बटण. त्यावर शून्य ते तीन असे आकडे असतात. मी ते कायम तीनवर ठेवलं होतं. का? तीन सगळ्यात मोठा आकडा म्हणून!! (हसू नका, मायक्रोवेव्ह तुम्ही पण फुल पॉवरलाच चालवता.) प्रत्यक्षात त्या बटणाने पातं वर जाताना पुढेही झोका घेतं. आकडा जितका मोठा तितका झोका मोठा, काम भराभर, कडा तितकीच फाटकी आणि पातं तितकंच भरकटतं. स्वच्छ कट हवा तर शून्य.

एवढं करून फट अर्धी कमी झाली. अर्धी उरली. आणि ती उरलेली अर्धी म्हणजे मी.

आई गावाहून आली होती. बाल्कनीतला आवाज ऐकून बाहेर आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ढकलतोयस कशाला एवढं? सुई वाकेल."

सुई! आईने आयुष्यभर शिलाई मशीन चालवलंय. तिला शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्या दिवसापासून ओरडायची, कापड ओढू नका, मशीन आपल्या वेगाने घेतं, तुम्ही फक्त दिशा द्या. ओढलं की सुई वाकते, टाके वाकडे पडतात आणि पोरी म्हणतात मशीन खराब आहे.

आणि गंमत बघा, जिगसॉ जन्मालाच शिलाई मशीनच्या पोटी आलाय. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये झोलोथुर्नच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान नावाच्या इंजिनिअरने बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुई काढून करवतीचं पातं बसवलं. पुढच्याच वर्षी त्यांचा हातात धरायचा जिगसॉ लेस्टो या नावाने बाजारात आला. ती कंपनी पुढे बॉशकडे गेली. म्हणजे आईला जे दिसलं ते योगायोगाने दिसलं नव्हतं, ती तिच्या मशीनच्या चुलतभावालाच बघत होती.

पात्याचं गणित असं आहे. ते फक्त वरच्या टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. गोल करवतीची चकती एवढीशीच वाकते, हे पातं मात्र एका बाजूने टांगलेली पट्टी आहे. पुढे जोर लावलात, बाजूला रेटलंत, पातं बोथट झालं असलं, की ते खालून तिरकं पळतं. वर रेघ चोख आणि खाली दोन मिलीमीटर गायब, ते यामुळे. जोर लावणं बंद केलं, मशीन पुढे न्यायचं सोडून नुसतं खाली दाबून धरलं आणि ते जातं त्या वेगाने जाऊ दिलं. पट्टी कापली, पालथी केली, भिडवली. फट मिटली. मी ती पट्टी आईला नेऊन दाखवली. तिने बघितली आणि विचारलं, "भुसा कोण झाडणार?"

मग राहिला सरळपणा. हाताने रेघेवर चालवून सरळ कट कुणालाच येत नाही. म्हणून पट्टी लावायची. ॲल्युमिनियमचा सेक्शन किंवा प्लायची कारखान्यात कापलेली कड, दोन्ही टोकांना क्लँपने आवळायची आणि बेसची कड तिला टेकवून चालवायचं. पात्यापासून बेसच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजत बसू नका, मी बसलो आणि चुकलो. फालतू तुकड्यावर एक कट मारा आणि कटापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजा, ते खरं. पट्टीला टेकवायचं म्हणजे रेटायचं नाही, रेटलं की परत पातं वाकलं. खोक्यात जी छोटी साईड फेन्स येते ती अरुंद पट्ट्यांपुरती ठीक, फूटभर फळीला तिच्या नादी लागू नका. आणि खाली चार बॅटन घाला, कटाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन, म्हणजे कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतील. प्लास्टिकची स्टुलं बसायला असतात.

कडा फाटण्याचं कारण मला लाजिरवाणं वाटावं इतकं सोपं होतं. नेहमीच्या पात्याचे दात वर तोंड करून असतात, ते वर येताना कापतात, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला निघतात. मी चांगली बाजू हौसेने वर ठेवून कापत होतो! चांगली बाजू खाली ठेवा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर कटाच्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि धारदार सुरीने रेघ आधी कोरून घ्या. सनमायका असेल तर उलट्या दातांचं पातं मिळतं, फक्त ते मशीनला वर उचलू बघतं, तेव्हा दाबून धरा.

आता तुम्ही म्हणाल, एका कटासाठी एवढं? वीस मिनिटं मांडामांड आणि एक मिनिट कापायचं? यापेक्षा कटरने खसकन काम होतं की.

होतं ना. मिस्त्रींना दिवसाला तीस कट मारायचेत, ते कटर वापरतात, वर्षानुवर्षं तोच हातात आहे, कुठे उभं राहायचं ते त्यांच्या पायांना माहीत आहे. तुम्हाला वर्षाला आठ फळ्या कापायच्यात. तुमची कसली घाई? दोन इंच जाड सागवान सरळ कापायचं असेल तर मीही जिगसॉ काढणार नाही, आणि ज्या दुकानात पॅनेल सॉ असेल तिथे मोठे कट तिथूनच मारून आणा, त्यात कमीपणा नाही. पण १८ मिलीमीटरचा प्लाय, कपाट, शू रॅक, कुंड्यांचा स्टँड, एवढीच ज्याची महत्त्वाकांक्षा आहे त्याला "कटर घे" सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. मी तो केलाय म्हणून सांगतो.

मुळात आपलं दुखणं वेगळंच आहे. फर्स्ट इयरला आम्हाला वर्कशॉप होतं. सुतारकामाचा एक जॉब, क्रॉस लॅप जॉइंट, करवत आणि पटाशीने. वर्गातल्या बहुतेकांनी तो तिथल्या मदतनिसाकडून दीडशे रुपयांत करून घेतला. मीही. त्याने तो वीस मिनिटांत करून दिला, सरांनी गुण्या लावून बघितला, चांगले मार्क दिले. मला. ड्रॉईंगच्या पेपरात मिनी ड्राफ्टरने मी नव्वद अंश शेकड्याने काढलेत, पण लाकडात एक काटकोन काढलेला नाही, आणि तरी पदवीवर इंजिनिअर लिहिलंय. असा माणूस मिस्त्रींना विचारतो, पाच फळ्या कापायचे सहा हजार? क्लायंटने "एक बटणच तर हलवायचंय, त्याला पाच दिवस कशाला?" असं म्हटलं की आपण ग्रुपवर किती शिव्या घालतो! त्या सहा हजारांत मांडामांड होती, गुण्या होता, पात्यांचे पैसे होते, वाया जाऊ न दिलेला प्लाय होता. माझ्या चार फळ्या वाया गेल्या. हिशोब मी आईला सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

कपाट आता उभं आहे. ६०० बाय ३०० च्या पाच फळ्या, नव्या प्लायच्या. प्रत्येकीचे दोन्ही कर्ण मोजले, ६७१ च्या आसपास, सगळ्यात वाईट फळीत दोन कर्णांचा फरक एक मिलीमीटर. कडांवरून पॉलिश पेपर फिरवला. डुलत नाही.

मित्राचे टाके निघालेत. कटर त्याच्या बायकोने त्यांच्याकडे फरशी बसवायला आलेल्या माणसाला देऊन टाकला, म्हणजे तो योग्य घरी गेला. शू रॅकची दुसरी फळी अजून तशीच अर्धवट कापलेली पडलीय, पुढच्या शनिवारी ती घेऊन तो माझ्याकडे येतोय. चार बॅटन आहेत, दोन क्लँप आहेत, चष्मा एकच आहे, तेव्हा दुसरा त्याला आणायला सांगितलाय. मशीन तो चालवणार. मी पट्टी धरणार आणि ढकलायला लागला की ओरडणार.